लोड देऊन बघणारा माणूस

यशवंत घाग गेला त्या दिवशी फोन करायचं काम माझ्याकडे आलं. घरची मंडळी नात्यागोत्यात कळवत होती, पण आमचे सौदीतले जुने सोबती कोणाच्या ध्यानात असणार? तेव्हा त्याच्या पडवीतल्या बाकावर बसून मीच एकेकाला नंबर लावला. काहीजण आता गावी परतून शेतीला लागलेत, काही अजून तिकडेच आहेत. प्रत्येकाला मी तेवढंच सांगितलं : यशवंत गेला, आज सकाळी, मी त्याच्या घरूनच बोलतोय. आडवळण नाही, ‘जरा मन घट्ट कर’ नाही. शेजारी बसलेल्या एका पाहुण्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या छातीत दगडच आहे. पलीकडून ऐकणाऱ्यांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. रडले, एकाने तर फोन तसाच हातात धरून ठेवला... पण असं तोडून का सांगतोस, म्हणून कोणी विचारलं नाही. यशवंताची बातमी तशीच जायला हवी होती. ती का, हे सांगायचं तर मला हुफूफला परत जावं लागेल.

हुफूफ हे खजुराच्या बागांचं गाव. पण आमच्या वाट्याला बागा आल्या नाहीत, आला तो ‘सनाया’, म्हणजे गावाबाहेरचा गॅरेजांचा आणि वर्कशॉपांचा भाग. तिथल्या एका मोठ्या गॅरेजात मी स्पेअर पार्टच्या स्टोअरवर होतो आणि यशवंत गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होता. मी कराडचा, तो गुहागरकडचा, आणि खोली एकच. पहिल्याच संध्याकाळी त्याने सुके बोंबील भाजायला घेतले आणि मी खिडकी उघडायला धावलो. खिडकीतून बाहेरचा तापलेला वारा आत आला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की घाटावरच्या माणसाला नाक जास्त आणि अक्कल कमी. त्यानंतर तो मला ‘घाटी’ म्हणायचा आणि मी त्याला ‘बोंबील’. शरीरानेही तो तसाच होता, लांब आणि सुकलेला. स्वभावाने हट्टी. आपल्या कामाबद्दल त्याला गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. दुसऱ्याने केलेलं वायरिंग बघितलं की कपाळाला हात लावायचा आणि ते ज्याने केलंय त्याला दिसेल अशा बेताने लावायचा. अशा माणसाबरोबर एका खोलीत इतकी वर्षं कशी काढलीस, असं माझी बायको अजून विचारते. मलाही नीट सांगता येत नाही.

त्याच्या कामाची एक रीत होती. गाडीतला एखादा पंप, पंखा, मोटर बंद पडली की बाकीचे इलेक्ट्रिशियन त्याचा प्लग काढून तिथे मीटर लावत. मीटरने बारा व्होल्ट दाखवले की निदान झालं : करंट येतोय, म्हणजे पंप मेला, नवा टाका. यशवंताला हे पटायचं नाही. तो म्हणायचा, तार आतून कुजून एक धागा शिल्लक असला तरी मीटरला बारा व्होल्टच दिसणार, कारण मीटर काही ओढत नाही, नुसता बघतो. मग तो पंपाच्या जागी हेडलाइटचा एक बल्ब लावायचा. बल्ब करंट ओढतो. तार धड असेल तर लख्ख पेटतो, कुजकी असेल तर निखाऱ्यासारखा लालसर होऊन बसतो. ‘लोड देऊन बघायचं’ हे त्याचं पालुपद होतं, आणि ते माणसांनाही लागू होतं. नव्या पोराची तारीफ कोणी करायला लागलं की हा म्हणणार, थांबा, ऑगस्टचं ऊन येऊ दे, लोड येऊ दे, मग बोलू.

आता आमच्या कामगारांच्या कॅम्पातली एक दुसरी रीत सांगतो. आखातात राहिलेल्या कोणालाही ती ठाऊक आहे. घरी कोणी वारलं तर फोन त्या माणसाला येत नसे, त्याच्या खोलीतल्या सोबत्याला येई. परका मुलुख, माणूस एकटा, काही करून घेतलं तर? म्हणून सोबती त्याला सांगत, ‘आई सिरीयस आहे, तुला बोलावलंय.’ मग बाकीचे मिळून कफीलकडून, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाकडून, त्याचा पासपोर्ट सोडवत, तिकीट काढत, बॅग भरत. खरं काय ते त्याला घराच्या दारात कळायचं. निदान सगळे तसं समजायचे. प्रत्यक्षात ‘सिरीयस’ म्हटलं की ऐकणारा काय समजायचं ते समजून जायचा. आम्ही सगळ्यांनीच हा शब्द कधी ना कधी दुसऱ्याला ऐकवला होता. आजारी म्हणजे आजारी, आणि सिरीयस म्हणजे संपलं. जास्त विचारायचं नाही, हा त्यातला अलिखित नियम. सांगणाऱ्याचीही लाज राहते आणि ऐकणाऱ्याचीही.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या कफीलच्या धाकट्या भावाची गाडी गॅरेजात आली. तो अमेरिकेत शिकून आला होता आणि येताना हायब्रिड गाडी घेऊन आला होता. पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय विजेची मोटर आणि मोठी बॅटरी. तशी गाडी आमच्यापैकी कोणी जवळून बघितलेली नव्हती. त्या विजेच्या यंत्रणेला थंड ठेवायला तिच्यात वेगळं पाणी फिरतं आणि ते फिरवायला वाटीएवढा एक विजेचा पंप असतो. सकाळी गाडी गुणी बाळासारखी चाले. दुपारी ऊन चढलं की पंप थांबे, काचेखाली लाल दिवा लागे आणि गाडी कासवाच्या चालीवर येई. यशवंताने मीटर लावला, बारा व्होल्ट बघितले आणि... पंप बदलायला सांगितला. हो, त्यानेच. नवी गाडी, नारिंगी रंगाच्या जाड तारा, त्यांत जिवावर बेतेल एवढी वीज. बिचकला होता तो, म्हणून हातचं सोडून सगळ्यांसारखं केलं. पंप परदेशातून मागवला, कित्येक आठवड्यांनी आला, बसवला. जुना मी ‘मेलेला’ म्हणून फळीवर टाकला. आणि थोड्या दिवसांत गाडी तोच लाल दिवा लावून परत हजर. मी त्याला म्हटलं, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, पण गाडी सोडली नाही.

त्याच दिवसांत एका बुधवारी दुपारी माझ्या मोबाइलवर त्याच्या धाकट्या भावाचा, रघूचा फोन आला. त्यांच्या गावची लाइन पावसात पडलेली, म्हणून तो गुहागरच्या बाजारातून बोलत होता. आवाज तुटत होता. म्हणाला, ‘दादाला सांगा, आये सिरीयस आहे, लगेच निघायला सांगा.’ मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. जेवायची सुट्टी होती. यशवंत खोलीत भात वाढून घेत होता. मी रघूचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्याने ताट खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी नजर खाली घातली. त्याने टॉवेल घेतला आणि मोरीत गेला. तिकडे उन्हाळ्यात छतावरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. आंघोळीसाठी आम्ही पहाटेच बादल्या भरून ठेवायचो. यशवंत त्या बादल्यांकडे न बघता सरळ त्या कढत नळाखाली बसला. डोक्यावरून आंघोळ केली. आपल्यात माणूस गेल्याची बातमी आली की करतात, तशी.

बाहेर आला तेव्हा त्याची पाठ लाल झाली होती. मी म्हटलं, चल, कफीलकडे जाऊ, देश सोडायच्या परवानगीचा कागद आजच झाला तर बघू, कारण गुरुवार-शुक्रवार तिकडे कचेऱ्यांना सुट्टी. तो म्हणाला, शनिवारी चालेल. मला क्षणभर कळलं नाही. मग त्यानेच सांगितलं. पावसाळ्याचे दिवस, रघू आहे, तिला ठेवायचे नाहीत, संध्याकाळच्या आत उचलतील. आज निघालो काय आणि शनिवारी निघालो काय, तोंड काही दिसणार नाही. दहाव्याला पोचलो म्हणजे झालं. हे तो इतक्या शांतपणे बोलला की मला त्याचा राग आला, आणि त्या रागाबरोबर रडूही आलं. पंधरा माणसांत एखादाच असा रडायचा राहतो, आणि त्याच्याकडे बघून बाकीच्यांना रडावंसं वाटतं. कफील अबू फहदला आम्ही सांगितलं तेव्हा त्याने यशवंताचा खांदा धरून अरबीत सांत्वन केलं आणि शनिवारी स्वतः ऑफिसात जातो म्हणाला.

गुरुवारी गॅरेज चालू असायचं. त्याने घरी बसावं असं सगळ्यांनी सांगितलं. तो म्हणाला, खोलीत बसून काय भिंती मोजू? आणि ती गाडी उघडली. मोठ्या बॅटरीचा खटका आधी काढून ठेवला, नारिंगी तारांपासून हात लांब. इंजिनाच्या झाकणाला दुपारच्या उन्हात तापू दिलं. मग नव्या पंपाचा प्लग काढून तिथे आपला बल्ब लावला आणि साध्या बॅटरीवरून त्याला वीज दिली. बल्ब लालसर. मीटर बारा दाखवतोय आणि बल्ब लालसर! मी स्टोअरची खिडकी सोडून बघायला गेलो. त्याने पंपाकडे येणारी तार सोडून परतीची तार धरली, जी गाडीच्या पत्र्याला आवळलेली असते. तिच्या टोकावरचं रबर सोललं. आत तांब्याचे धागे हिरवे पडून तुटले होते, दोन-चार कसेबसे धरून होते. गार असताना टेकत होते, तापले की सुटत होते. एवढंच दुखणं. त्याने नवं टोक दाबून बसवलं, पत्रा घासून बोल्ट आवळला, आणि बल्ब डोळे दिपतील असा पेटला.

मी टाळी वाजवणार होतो, पण त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. तो स्टोअरात गेला आणि फळीवरचा तो जुना पंप घेऊन आला, मी ‘मेलेला’ म्हणून टाकलेला. दोन तारा लावून सरळ बॅटरीला जोडला. पंप सुरू झाला. मांजर मांडीवर घुरघुरतं तसा त्याच्या तळहातावर घुरघुरत राहिला. यशवंत त्याच्याकडे बघत उभा राहिला, बराच वेळ. मला वाटलं, चुकलं म्हणून वाईट वाटतंय. मग त्याने तारा सोडवल्या आणि माझ्याकडे वळला.

‘मोहन, रघू नेमकं काय म्हणाला?’

‘आये सिरीयस आहे, लगेच निघ.’

‘गेली, असं म्हणाला?’

‘नाही.’

‘तू विचारलंस?’

‘यशवंता, असं कोण विचारतं?’

‘रघू आयुष्यात कधी गुहागरच्या बाहेर गेला नाही,’ तो म्हणाला. ‘त्याला आपली ही भाषा कुठून माहीत असणार?’

खरंच, कुठून माहीत असणार? सिरीयस म्हणजे मेलं, हे आमचं आम्ही ठरवलेलं. रघूने डॉक्टरच्या तोंडचा शब्द उचलून जसाच्या तसा सांगितला होता. फोन लावायला आम्हाला दुपार गेली. गावची लाइन मुकी, बाजारातल्या दुकानदाराचा नंबर मिळाला, त्याने मोटरसायकलवर माणूस धाडला, आणि शेवटी रघू फोनवर आला. यशवंताने पहिलाच प्रश्न केला, आहे की गेली? मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. दिसलं ते एवढंच की यशवंत जिथे उभा होता तिथेच, ऑइलच्या डागांत, खाली बसला आणि हात तोंडावर धरून रडायला लागला. काल मेलेल्या आईसाठी तो रडला नव्हता. आज जिवंत आईसाठी पोटभर रडला. आये डोळे उघडत होती, माणसं ओळखत होती, आणि यसू निघाला का, असं दर तासाला विचारत होती.

अबू फहदला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. काल गेली होती ती आज परत कशी आली, हे त्याला काही केल्या कळेना. त्याला वाटलं, कामगार सुट्टीसाठी काहीतरी बनाव करतोय. मग यशवंतच पुढे झाला आणि मोडक्यातोडक्या अरबीत एवढंच म्हणाला, आई जिवंत आहे, मला बघायचं आहे. अबू फहद उठला. सुट्टीचा दिवस असून त्याने ओळखीच्या माणसाला घरून बोलावून आणलं, पासपोर्टवर शिक्का घेतला आणि म्हणाला, यल्ला, चल निघ. दम्मामच्या विमानतळावर यशवंताला सोडायला कफीलचा भाऊ स्वतः निघाला, त्याच हायब्रिड गाडीतून. मी मागच्या सीटवर होतो. भर उन्हाचा तो सरळसोट रस्ता, गाडी वाऱ्यासारखी, आणि यशवंत पुढे बसून सारखा वाकून काचेखालचा तो लाल दिवा लागतोय का ते बघत होता. लागला नाही.

पुढचं मला त्याने परत आल्यावर सांगितलं. तो पोचला तेव्हा आये उशाला टेकून पेज पीत होती. त्याने पायांना हात लावला आणि न राहवून खरं सांगून टाकलं, की आये, मी तुझ्या नावाने आंघोळ करून बसलो होतो. घरातल्या बायका हबकल्या. म्हातारी मात्र हसली. म्हणाली, ‘बरं केलंस, माझं आयुष्य वाढलं.’ जिवंत माणसाच्या मरणाची खोटी वार्ता उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे म्हणतात ना. फार काही वाढलं नाही. यशवंताची सुट्टी संपायच्या आधी ती गेली. पण तेवढ्या दिवसांत तिने त्याच्या हातून पेज खाल्ली, त्याला दोनदा रागावली, आणि धाकट्याच्या लग्नाचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. ‘मोहन, ते दिवस मी शनिवारवर टाकले होते रे,’ एवढंच तो मला म्हणाला, आणि पुन्हा कधी त्यावर बोलला नाही.

बोलला नाही, पण कॅम्पात त्याने उच्छाद मांडला. ज्याला कोणाच्या घरचा फोन येईल त्याने विचारायचं, आहे की गेलं, आणि जे असेल ते त्या माणसाला तोंडावर सांगायचं. लोक चिडले. मीही भांडलो त्याच्याशी. म्हटलं, विमानात एकटा बसलेला माणूस हे ओझं घेऊन कसा जाईल? तो म्हणाला, जाईल. निदान आपण कोणासाठी चाललोय हे तरी त्याला माहीत असेल. मला ते तेव्हा पटलं नाही. पुढे माझे वडील गेले तेव्हा माझ्या भावाने यशवंताला फोन केला. यशवंत हात पुसत स्टोअरच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, ‘मोहन, तुझे वडील गेले. पहाटे, झोपेत. मी भावाला दोनदा विचारलं. तू आत बस, खिडकी मी बघतो.’ मी आत पोत्यांवर बसून रडलो आणि तो दिवसभर माझ्या खिडकीवर बसून लोकांना चुकीचे फिल्टर देत राहिला. घरी पोचेपर्यंत माझं बरंचसं रडून झालं होतं. दारात आईने मला धरलं तेव्हा मी तिला सांभाळू शकलो. त्या दिवशी मला यशवंत पटला. त्याला मी तसं कधी सांगितलं नाही, कारण मग तो ते जन्मभर ऐकवत बसला असता.

आम्ही दोघे काही वर्षांच्या अंतराने परत आलो. तो गुहागरला, मी कराडला, मध्ये कुंभार्ली घाट. फोन व्हायचे, भेटी कमी. त्याच्या छातीचं दुखणं मला माहीत होतं. मागच्या महिन्यात एका सकाळी त्याच्या मुलाचा, नितीनचा फोन आला. ‘काका,’ तो म्हणाला, ‘बाबा सिरीयस आहेत.’ इतकी वर्षं झाली तरी तो शब्द मी कॅम्पातल्या भाषेतच ऐकला. क्षणभर मला वाटलं, काही विचारू नये, बॅग भरावी. मग मी विचारलं, ‘नितीन, आहेत की गेले?’ पलीकडे खुसफुस झाली, फोन कोणीतरी हातातून घेतला, आणि दमलेला, खरखरीत, पण त्याचाच आवाज आला.

‘आहे रे, घाट्या. आंघोळ करू नकोस. गाडी पकड.’

मी पहिल्या मिळेल त्या गाडीने निघालो. घाटात धुकं होतं, गाडी हळू चालली होती, आणि मी खिडकीशी बसून मोठ्याने रडत होतो. शेजारचा माणूस विचारत होता, कोण गेलं, कोण गेलं म्हणून. मी त्याला सांगत होतो, कोणी नाही, अजून कोणी नाही... मी पोचलो तेव्हा यशवंत होता.